हिरव्या रस्त्यावरची हजेरी

मुलगी गॉलवेला असते. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे दीड महिना राहून आलो. तिकडे शनिवार उजाडला की लोक जाड तळव्याचे बूट घालून डोंगरात चालायला निघतात. आमचे जावईही त्यातलेच. "बाबा, तुम्हाला झेपेल अशी एक वाट आहे, चढ फारसा नाही," असं म्हणून त्यांनी गाडी काढली. सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांमुळे ‘झेपेल’ या शब्दावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. पण मी माणदेशातला. दगडाधोंड्यांचं मला भय नाही, सवय नाही ती पावसाची. आणि तिथे तर तो दर अर्ध्या तासाने डोकावून जातो.

कॉनेमारा हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याचा उघडाबोडका, खडकाळ भाग. तिथे किलरी नावाची समुद्राची एक अरुंद खाडी सोळा किलोमीटर आत घुसली आहे. एका तीरावर गॉलवे परगणा, दुसऱ्या तीरावर मेयो. पलीकडे म्वीलरे हा ८१४ मीटर उंचीचा डोंगर पाण्यातूनच उठल्यासारखा दिसतो. आम्ही निघालो ते रॉसरोच्या छोट्या धक्क्यापासून. (विटगेनश्टाइन हा तत्त्वज्ञ १९४८ मध्ये काही महिने इथे एका घरात राहिला होता. एवढ्या शांततेत त्याला काय सुचलं असेल ते असो.) पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, काळ्या तोंडाच्या मेंढ्या, खाली शिंपल्यांच्या शेतीचे तराफे. वाट गवताने भरलेली, मऊ.

पण थोडं चालल्यावर ती वाट मला खटकायला लागली. बैलगाडी सहज जाईल एवढी रुंद. उताराच्या बाजूला चुन्याशिवाय रचलेल्या दगडांचा भराव, चढ बेताचा आणि सारखा. मेंढ्यांसाठी कोणी एवढं करत नाही. मी तसं म्हणालो, तर जावई म्हणाले, "याला ग्रीन रोड म्हणतात, बाबा. दुष्काळी काम आहे."

दुष्काळी काम! हा शब्द ऐकायला इतक्या लांब यावं लागेल असं वाटलं नव्हतं. बी.ए.ला माझा इतिहास होता, पण आयर्लंड म्हणजे होमरूल आणि डी व्हॅलेरा एवढ्यावर आमची गाडी थांबली होती. बाकीचं मी परत आल्यावर वाचून काढलं.

१८४५ च्या शरद ऋतूत तिथे बटाट्यावर करपा आला. १८४६ मध्ये जवळजवळ सगळं पीकच गेलं. गरीब कुळं नुसत्या बटाट्यावर जगत होती, कारण एवढ्याशा तुकड्यात घरदार जगवणारं दुसरं पीक नव्हतं. सरकारने सुरुवातीला अमेरिकेतून मका आणवला. तो दळायला कठीण, पचायला त्याहून कठीण. मग कामं काढली. नियम असा की कामाचा फायदा कुणा खासगी मालकाला होता कामा नये. शेतात बांध घातला, चर खणला तर तो मालकाचा फायदा. मग उरलं काय? रस्ते. गरज असो नसो, रस्ते. १८४७ च्या मार्चमध्ये या कामांवर सात लाखांवर माणसं होती. मजुरी दिवसाला आठ-दहा पेन्स, तीही बहुतेक ठिकाणी मोजमापावर. धान्याचे भाव मात्र मोकळे सोडलेले. त्या वर्षी हिवाळाही कडक होता. ऐन वसंतात सरकारने कामं बंद करून सूपची केंद्रं उघडली, आणि कितीतरी रस्ते जिथे होते तिथेच राहिले.

मजुरी वेळेवर मिळत नसे. कॉर्क परगण्यातल्या कॅहेरा इथे डेनिस मॅकेनेडी नावाचा मजूर ऑक्टोबर १८४६ मध्ये रस्त्याच्या कामावरच मेला. त्याची दोन आठवड्यांची मजुरी थकलेली होती. चौकशीला बसलेल्या पंचांनी मृत्यूचं कारण उपासमार लिहिलं आणि दोष बांधकाम खात्याच्या हलगर्जीपणाला दिला.

इथे मला माझं सांगायला हवं. १९७२ च्या दुष्काळात मी नुकताच पदवीधर होऊन घरी बसलो होतो. तालुक्यात रस्त्याचं काम निघालं, त्यावर मस्टर लिहायला मला घेतलं. खडी फोडायची, ब्रासवर मोजायची. पोरांना सुकडी, घरात अमेरिकेचा लाल मिलो. (आयरिश लोकांनी त्या मक्याला नावं ठेवली हे वाचून मला हसू आलं. मिलोच्या भाकरीला आम्ही काय कमी नावं ठेवली?) मोजमाप उशिरा होई, पगारवाटप त्याहून उशिरा. हजेरी सकाळी आठला. त्यानंतर येईल त्याचा खाडा, अशी वरून ताकीद होती. लांबच्या वस्तीवरून येणारी एक म्हातारी एके दिवशी उशिरा आली. मी खाडा मांडलेला. ती म्हणाली, "मास्तर, चालत आलेय, उडून न्हाय." मी मास्तर नव्हतो तेव्हा, पण लिहिता येणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणत. मी खोडलं नाही. ती बसली आणि दिवसभर खडी फोडत राहिली. चाळीस वर्षं वर्गात हजेरी घेतली, पण तो खाडा काही मनातून गेला नाही.

बरोबरी मात्र करता येत नाही. आपल्याकडे १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं कामांवर होती, आणि भूकबळी फार थोडे झाले. मोर्चे निघत होते, आमदारांना मतं मागायला परत गावात यायचं होतं. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. आयर्लंडात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांवर देश सोडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत ८१ लाखांवर असलेली वस्ती १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. लंडनच्या खजिन्यातून ही मदतकार्यं चालवणारा चार्ल्स ट्रेव्हेल्यन हा आधी बंगालमध्ये नोकरी केलेला आणि पुढे १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झालेला. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपलने आपल्याकडच्या दुष्काळी कामांवर दिवसाला रत्तलभर धान्य आणि वर एक आणा अशी मजुरी बसवली, त्यामागचा हिशेबही त्याच वळणाचा होता. उलटी बाजूही सांगायला हवी. आयर्लंडसाठी बाहेरून आलेल्या पहिल्या वर्गण्यांपैकी एक कलकत्त्याहून गेली होती. त्यात कंपनीच्या फौजेतल्या आयरिश शिपायांचेही पैसे होते.

तर ती वाट. पुढे फोहर नावाचं ओसाड गाव लागलं. छप्पर नसलेली घरं, चुलीच्या जागी दगड, दारात चिडवं गवत. वरच्या उतारावर तिरप्या उन्हात एकाशेजारी एक पट्टे दिसत होते. मी ओळखले, सरी-वरंबे! बटाट्याचे. इंग्रज त्यांना ‘आळशी वाफे’ म्हणत, कारण नांगर न धरता फावड्याने करायचे. समुद्रातलं शेवाळ पाठीवर वाहून त्या चढावर न्यायचं आणि मातीत घालायचं, याला आळस म्हणणारा स्वतः कधी चढला नसावा. गवत वाढलं, मेंढ्या चरल्या, पण वरंबे बुजलेले नाहीत.

समोरच्या तीरावर बुनडोरा ही वस्ती दिसते. तिथे क्वेकर पंथाचा तरुण विल्यम फॉर्स्टर १८४७ च्या जानेवारीत मदत घेऊन गेला होता. आधी एकदा आला तेव्हा त्याने दारोदारी गाई पाहिल्या होत्या. आता २४० वस्तीत तेरा माणसं आधीच मेलेली, गाई-मेंढ्या संपलेल्या, कुत्रीसुद्धा उरली नव्हती.

परतताना मी जावयांना लीनानवरून त्या तीराला गाडी घालायला लावली. बुनडोरावरून डेल्फी लागतं. तिथल्या एका उमरावाने ग्रीसवरून हौसेने ठेवलेलं नाव. त्याच्या पुढे डूलॉक हे तळं, दोन्ही बाजूंना काळे डोंगर. १८४७ च्या कायद्यात विल्यम ग्रेगरी या सभासदाने एक कलम घातलं होतं: पाव एकरापेक्षा, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांपेक्षा जास्त जमीन धरून असलेल्याला मदत नाही. (हाच पुढे सिलोनचा गव्हर्नर झाला.) जमीन सोडून मदतीच्या यादीत आलेल्यांचीही वरचेवर तपासणी व्हायची. ३० मार्च १८४९ ला लुईसबर्ग गावात शेकडो माणसं तपासणीसाठी जमली. अधिकारी मात्र ती न करताच डेल्फीच्या लॉजकडे निघून गेले. निरोप मिळाला की उद्या सकाळी सात वाजता डेल्फीला हजर राहा, नाहीतर नाव कमी होईल. अंतर एकोणीस किलोमीटर. माणसं रात्रीतून चालत गेली, उपाशी, गारठ्यात. तिथे साहेब जेवायला बसलेत म्हणून थांबवलं, असं सांगतात. शेवटी रिकाम्या हाताने परत पाठवलं. परतीच्या वाटेवर सात प्रेतं सापडल्याचं तेव्हाच्या वर्तमानपत्रातल्या पत्रात आहे. तिकडची माणसं चारशेपर्यंतचा आकडा सांगतात.

१९८८ पासून लोक दर वर्षी ती वाट चालतात. १९९१ मध्ये डेस्मंड टुटू चालले होते. रस्त्याकडेला साधा दगडी क्रूस आहे. तिथल्या लेखात महात्मा गांधींचं एक वाक्यही कोरलेलं आहे. त्या रानात ते नाव वाचून ही गाडीतून उतरली आणि चप्पल काढून उभी राहिली. मी तळ्याच्या कडेने थोडा चाललो. जावई मागून हळूहळू गाडी आणत होते. पाऊस आला तेव्हा आत बसलो.

लुईसबर्गला पोचायला गाडीने अर्धा तासही लागला नाही. तिथे चहा घेतला. हिने विचारलं, "एवढे गप्प का?"

"काही नाही," म्हटलं, "मस्टरवरचं एक नाव आठवतोय."