मारुती 800 चे इंजिन : रचना आणि नेहमीच्या तक्रारी

डिसेंबर 1983 मध्ये भारतीय रस्त्यांवर आलेल्या मारुती 800 मध्ये सुझुकीचे 'एफ8बी' हे पेट्रोल इंजिन होते. ओम्नी व्हॅनमध्येही तेच वापरले गेले. 2014 च्या सुरुवातीला गाडीचे उत्पादन थांबले, तरी तालुक्याच्या गावातला मेकॅनिकसुद्धा आजही हे इंजिन सहज खोलतो.

इंजिन तीन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे आणि 796 सीसीचे आहे. बोअर 68.5 मिमी, स्ट्रोक 72 मिमी. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असून वरचा एकच कॅमशाफ्ट टायमिंग बेल्टने फिरतो. ताकद जेमतेम 37 ते 39 अश्वशक्ती. पण गाडीच इतकी हलकी की ती पुरते. तीन सिलिंडरमुळे उभ्या गाडीत थोडी थरथर जाणवते. तो बिघाड नव्हे. थरथर अचानक वाढली, तर मात्र एखादा सिलिंडर 'मिस' होत असावा. आधी स्पार्क प्लग आणि प्लगच्या वायरी तपासाव्यात.

सर्वांत महागात पडणारी तक्रार म्हणजे गाडी गरम होणे. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. दोन्ही धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे काटा लाल पट्टीत असताना गाडी 'घरापर्यंत तरी नेऊ' म्हणून रेटली, की हेड वाकते आणि गॅस्केट जाते. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी कमी होत राहते, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, कधी ऑइल दुधाळ होते. मूळ कारण बहुधा किरकोळच असते: बंद पडलेला पंखा, त्याचा थर्मो स्विच, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा नळाचे पाणी वर्षानुवर्षे भरल्याने क्षार साचलेला रेडिएटर. हेड फेसिंगच्या खर्चापुढे कूलंट स्वस्तच. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, वाफेने भाजते.

जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर आहे. जेटमध्ये कचरा अडकला की गाडी सिग्नलला बंद पडते, ॲक्सिलरेटर दाबल्यावर अडखळते. चोक ओढलेला राहिला तर काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो, पीयूसीतही गाडी नापास होते. ट्यूनिंगआधी एअर फिल्टर बदलून पाहावा. अर्धे काम तिथेच होते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा विचार करून या गाड्यांचे रबरी पाइप बनवलेले नव्हते, म्हणून ते कडक किंवा फुगलेले दिसताच बदलावेत. यात चालढकल म्हणजे आगीला आमंत्रण. पुढच्या एमपीएफआय गाड्यांत कार्ब्युरेटरची कटकट नाही, सेन्सरची मात्र आली.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सकाळी पहिल्या स्टार्टलाच दिसून थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, सतत असेल तर बहुधा पिस्टन रिंग. टकटक आवाजाला टॅपेटची सेटिंग पुष्कळदा पुरते.

जुनी 800 घेताना टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारावे. सांगता येत नसेल तर बदलूनच घ्यावा. तो तुटला की गाडी जागीच थांबते, पूर्वसूचना न देता.