आधी दिवे, मग फटाके



इ.स.पू. 527 मध्ये आश्विन अमावास्येला पावापुरीत महावीरस्वामींचे निर्वाण झाले. ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून 18 गणराजांनी दिवे लावले, असे कल्पसूत्र सांगते. तेव्हा फटाके नव्हतेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी आपल्याकडच्या आतषबाजीचा इतिहास लिहिला, तो 1400 च्या सुमारास सुरू होतो. म्हणजे दिवे फटाक्यांपेक्षा जवळजवळ दोन हजार वर्षांनी जुने!

त्यात आपला चंद्रपूर 2009 च्या केंद्रीय पाहणीत अतिप्रदूषित ठरलेला. औष्णिक केंद्र, कोळशाच्या खाणी बारमाही. थंडीत धूर जमिनीलगतच साचतो. त्यावर फटाक्यांचा धूर म्हणजे वायुकाय जीवांची हिंसा आणि लेकरांना खोकला. नातवंडे 'परंपरा' म्हणून फटाके मागतील, तेव्हा त्यांना हा हिशेब सांगा आणि हाती पणती द्या.