शेवटून पहिले : पुणे वॉरियर्स, २०१२

२०१२ च्या उन्हाळ्यात माढ्यात मॅच बघायची म्हणजे आधी लोडशेडिंगचं टाइमटेबल बघायला लागायचं. मी तेव्हा शाळेत होतो. आयपीएल आलं की पोरांच्या दोनच पार्ट्या, सचिनमुळे मुंबई आणि धोनीमुळे चेन्नई. पुण्याचे आम्ही दोघं-तिघंच. कारण विचाराल तर माढा स्टेशनवर गाडीत बसलं की आधी पुणं येतं, मुंबई नंतर. बास, एवढंच! गंमत म्हणजे आमचे खासदार तेव्हा शरद पवार, आणि आयसीसीचे अध्यक्षही तेच. जगाच्या क्रिकेटची खुर्ची माढ्याकडे आणि टीव्ही मात्र बंद. असो.

पुणे वॉरियर्सचा तो सीझन आज कुणाला आठवतच असेल तर "शेवटचा नंबर आला होता ना?" एवढाच. बरोबर आहे. १६ मॅचेस, ४ जिंकल्या, १२ हरल्या, ९ संघांत नववे. पण त्या चार आणि बारा कुठल्या क्रमानं आल्या ते बघायला हवं.

६ एप्रिलला वानखेडेवर पुण्यानं फक्त १२९ केल्या आणि तरी मुंबईला २८ धावांनी हरवलं. अशोक दिंडा, १८ धावांत ४ बळी. दुसऱ्या दिवशी शाळेत मी जो काही मिरवलोय... ८ तारखेला गहुंजेच्या नव्या कोऱ्या स्टेडियमवर पंजाबला हरवलं, १४ ला चेन्नईला, २१ ला दिल्लीत दिल्लीला. सात मॅचेसमध्ये चार विजय. प्लेऑफची गणितं मी वहीच्या मागच्या पानावर मांडत होतो.

त्यानंतर पुणे एकही मॅच जिंकलं नाही. सलग नऊ पराभव.

धोक्याची घंटा खरं तर १७ एप्रिललाच वाजली होती. बंगळुरूत १८२ धावा हाताशी होत्या. गेलनं राहुल शर्माला लागोपाठ पाच षटकार मारले आणि शेवटच्या चेंडूवर सौरभ तिवारीनं नेहराला षटकार मारून मॅच नेली. ३ मेला गहुंजेत मुंबईच्या १२० धावा, पुणे ११९. एका धावेनं गेली! ५ मेला ईडन गार्डन्सवर ७ धावांनी. त्या दिवशी अर्धं कोलकाता स्वतःच्या संघाचं आणि अर्धं गांगुलीचं होतं म्हणतात. एवढ्या थोडक्यात हरणारा संघ अगदीच टाकाऊ नसतो, पण अशा वेळी शांत डोक्यानं मॅच संपवणारा माणूस लागतो. तो आमच्याकडे होता, फक्त मैदानावर नव्हता. युवराज त्या वेळी कॅन्सरच्या उपचारांतून सावरत होता.

बरं, त्याच्या जागी कुणी घ्यावं, तर ४ फेब्रुवारीला, ऐन लिलावाच्या दिवशी, सहारानं बीसीसीआयशी भांडून आयपीएलमधूनच अंग काढून घेतलं. भारतीय संघाची स्पॉन्सरशिपही सोडली. पुढे समेट झाला, पण लिलाव हातचा गेला तो गेलाच. मायकेल क्लार्क आला तो सीझन अर्धा उलटल्यावर. गांगुली एकोणचाळीस वर्षांचा, आंतरराष्ट्रीय क्रिकेट २००८ मध्येच सोडलेला. कॅप्टनही तोच आणि मेंटॉरही तोच. आयटीतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. क्लायंट आणि कंपनीचं पैशावरून वाजलंय, मेन डेव्हलपर नाही, आणि रिलीजची तारीख मात्र तीच!

सहारानं हा संघ २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून घेतला होता, तेव्हाच्या हिशोबानं १७०० कोटींच्या वर. इतका पैसा ओतून संघाची घडी काही बसली नाही. २०११ मध्ये कॅप्टन युवराज, २०१२ मध्ये गांगुली आणि २०१३ मध्ये एकाच सीझनमध्ये मॅथ्यूज, टेलर, फिंच असे तिघं. त्या वर्षीही चारच विजय, आणि वर गेलच्या नाबाद १७५. मे २०१३ मध्ये बँक गॅरंटीवरून पुन्हा वाजलं, सहारा बाहेर पडलं आणि ऑक्टोबरमध्ये बोर्डानं संघच रद्द केला. तीन वर्षांत ४६ मॅचेस, १२ विजय.

खेळाडू वाईट होते म्हणावं तर २०१४ बघा. रॉबिन उथप्पा आणि मनीष पांडे कोलकात्याकडे गेले. उथप्पानं ६६० धावा काढून ऑरेंज कॅप घेतली, पांडेनं फायनलमध्ये ९४ मारल्या, आणि कप कोलकात्याचा. भुवनेश्वर कुमार हैदराबादला गेला आणि २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं पर्पल कॅप त्याचीच. हीच पोरं गहुंजेत रांगेनं हरत होती, हे मला आजही पचत नाही.

२०१६ मध्ये पुण्याला दुसरा संघ मिळाला, नवे मालक, नवं नाव. २१ मे २०१७ ला तो फायनलला पोचला, समोर पुन्हा मुंबई. मुंबई १२९, पुणे १२८. एका धावेनं गेली! रात्री माढ्याहून मित्राचा फोन आला. त्यानं काही न बोलता नुसतं हसून फोन ठेवून दिला.