शेअर्ड-मेमरी सुपरकॉम्प्युटर म्हणजे काय? नासाच्या 'कल्पना'ची ओळख

अंतराळवीर होण्यापूर्वी कल्पना चावला कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम करत होत्या. विमानाभोवती हवा कशी वाहते, याची गणिते त्या संगणकावर सोडवत. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या दुर्घटनेत त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, मे २००४ मध्ये, एम्स केंद्रातील नव्या सुपरकॉम्प्युटरला त्यांचे नाव देण्यात आले. या 'कल्पना'मध्ये प्रोसेसर होते ५१२, पण मेमरी सगळ्यांना मिळून एकच!

एकच मेमरी म्हणजे नेमके काय?

बहुतेक सुपरकॉम्प्युटर अनेक संगणक जोडून बनवलेले असतात. प्रत्येकाची मेमरी वेगळी असते. दुसऱ्याकडची माहिती हवी असेल, तर नेटवर्कवरून निरोप पाठवून ती मागवावी लागते. म्हणजे वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत एकच गणित सोडवायचे. शेअर्ड-मेमरी यंत्रात मात्र सगळे एकाच फळ्यासमोर बसलेले असतात. कोणताही प्रोसेसर मेमरीतला कोणताही आकडा थेट वाचू शकतो. 'कल्पना'चे सर्व प्रोसेसर लिनक्सच्या एकाच प्रतीवर चालत.

शास्त्रज्ञांना फायदा काय?

सागरी प्रवाहांचे मॉडेल करताना समुद्राचे असंख्य छोटे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील पाण्याचा वेग आणि तापमान शेजारच्या चौकोनांवर अवलंबून असते. वेगळ्या मेमरीच्या यंत्रावर हे चौकोन कसे वाटायचे आणि कोणी कोणाला काय कळवायचे, हे सगळे प्रोग्राममध्ये लिहावे लागते. शेअर्ड मेमरीत ही वाटणी टळते. जुन्याच प्रोग्राममध्ये ओपनएमपीच्या मोजक्या सूचना घालून काम अनेक प्रोसेसरवर पसरवता येते. शिवाय साध्या संगणकात न मावणारा डेटा अखंड ठेवता येतो. शास्त्रज्ञाचा वेळ प्रोग्रामिंगऐवजी विज्ञानासाठी उरतो.

मग सगळेच असे का नसतात?

फळा एक आणि लिहिणारे अनेक, की गोंधळ होतोच. दोन प्रोसेसरनी एकच आकडा एकाच वेळी बदलला, तर उत्तर चुकू शकते. प्रत्येक प्रोसेसरच्या कॅशमधील प्रती जुळत्या ठेवाव्या लागतात. प्रोसेसर वाढले की हे काम अवघड आणि महाग होत जाते.

म्हणूनच नासाने 'कल्पना'सह अशी २० यंत्रे जोडून १०,२४० प्रोसेसरचा 'कोलंबिया' उभारला. नोव्हेंबर २००४ च्या जागतिक यादीत तो दुसरा होता. आजच्या महासंगणकांतही साधारण हीच रचना दिसते: प्रत्येक नोडच्या आत सामायिक मेमरी आणि नोडांमध्ये निरोपांची देवाणघेवाण.