लोपलेल्या ताऱ्याचा माग

इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल यानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग पृथक् केले व एकेका रंगांत तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथें उष्णता सर्वांत अधिक आढळली. हेच अवरक्त किरण.

त्याचा पुत्र जॉन हा डिसेंबर १८३७ मध्यें आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशीं वेध घेत असतां ईटा कॅरिनी नांवाचा तारा एकाएकीं प्रखर झालेला पाहून चकित झाला. मार्च १८४३ मध्यें त्या ताऱ्यानें अगस्तीसहि मागें टाकलें. ताऱ्यांत त्याहून तेजस्वी असा एक व्याधच काय तो उरला. मग तो मंदावत गेला, आणि १८५६ नंतर नुसत्या डोळ्यांस दिसेनासा झाला. पुत्राच्या या कोड्याचें उत्तर पित्याच्या शोधांतच होतें. पण तें सांपडण्यास शतकाहून अधिक काळ लागावा, हें नवलच म्हणावयाचें.

१९६८ मध्यें नॉयगेबाउअर व वेस्टफाल यांनीं या ताऱ्याचे अवरक्त वेध घेतले. वीस मायक्रॉन लांबीच्या लहरींत सूर्यमालेबाहेरील दुसरें कांहींहि इतकें तेजस्वी आढळलें नाहीं. तारा विझला नव्हता! उद्रेकांत त्यानें दहा सूर्यांहून अधिक द्रव्य बाहेर फेकलें होतें. तें निवतांना त्यांत धूळ निर्माण झाली. त्या धुळीनें ताऱ्याचा प्रकाश गिळला, आणि स्वतः तापून तो उष्णतेच्या रूपानें परत केला. राखेखालचा निखारा डोळ्यांस दिसत नाहीं, हाताला मात्र कळतो, तसेंच हें.

इतके प्रचंड तारे मुळांत विरळ व अल्पायुषी. एका उदाहरणावरून त्यांच्या वार्धक्याचा नियम सांगणार कसा? म्हणून शेजारच्या दीर्घिका धुंडाळणें प्राप्त झालें. पृथ्वीचें वातावरण स्वतःच उष्णता फेंकीत असल्यानें या कामीं आड येतें. २००३ मध्यें स्पिट्झर दुर्बीण अंतराळांत गेली, तेव्हां ती अडचण दूर झाली. तिच्या छायाचित्रांवरून रुबाब खान व त्यांचे सहकारी यांनीं प्रथम सात दीर्घिका तपासल्या. ईटा कॅरिनीचें जुळें भावंड एकहि मिळालें नाहीं. त्यांनीं शोध सोडला नाहीं. तेजस्वी ठिपका म्हणजे ताऱ्यांचा पुंजकाहि असूं शकतो. यासाठीं हबल दुर्बिणीच्या चित्रांशीं तो ताडून पाहिला. दृश्य प्रकाशांत मंद व अवरक्तांत प्रखर, हीच खरी खूण. २०१५ मध्यें अशा पांच उमेदवारांची नोंद झाली: एम ८३ या दीर्घिकेंत दोन, एम ५१, एम १०१ व एनजीसी ६९४६ यांत एकेक.

या दीर्घिका दीड ते अडीच कोटी प्रकाशवर्षें दूर आहेत. दिसते ती स्थिति तितकीच जुनी. या पांचांपैकीं कांहींचा अखेरचा स्फोट एव्हांना होऊनहि गेला असेल. त्याचा प्रकाश मात्र अद्याप वाटेंत आहे.