विमानाचा आवाज, आपली झोप आणि कंट्रोल टॉवर

गणपतीला गावी आलेले चाकरमानी हेदवीत एक वाक्य हमखास बोलतात, "डॉक्टर, इथे झोप कशी गाढ लागते!" त्यांच्यातले काही कुर्ला, असल्फा, साकीनाका, विलेपार्ले अशा भागांत राहतात, म्हणजे मुंबई विमानतळाच्या अगदी कुशीत. दहा दिवसांनी बीपी तपासलं की आकडा जरा उतरलेला असतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला : "गोळी बंद करू का?"

या प्रश्नाचं उत्तर लेखाच्या शेवटी देतो. आधी हे पाहू, की विमानाच्या आवाजाचा आणि बीपीचा संबंध काय, आणि हा आवाज कमी करण्यासाठी आजवर काय काय झालं.

कानाला सवय होते, हृदयाला नाही

आमच्या बामणघळीत भरतीच्या वेळी पाणी शिरतं तेव्हा मोठा गडगडाट होतो. तरी समुद्राच्या आवाजाने किनाऱ्यावरच्या माणसाची झोप सहसा मोडत नाही. कारण तो आवाज सतत असतो, ओळखीचा असतो. विमानाचं तसं नाही. शांततेतून अचानक आवाज चढतो, डोक्यावरून जातो आणि विरतो. मेंदू याला धोक्याची सूचना समजतो. झोपेतही अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, नाडी जलद होते.

"आम्हाला सवय झाली आहे" असं लोक म्हणतात. २००८ साली युरोपात चार मोठ्या विमानतळांजवळच्या १४० जणांचा रक्तदाब रात्रभर मोजला गेला. विमान गेलं की वरचा आकडा सरासरी सहाने वाढत होता, आणि माणूस जागा झाला नाही तरीही वाढत होता. त्याच वर्षी, सहा विमानतळांजवळच्या सुमारे ४,८०० लोकांच्या अभ्यासात दिसलं की रात्रीचा विमानांचा आवाज १० डेसिबलने जास्त असेल, तर उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी जास्त असते.

जुहूपासून सुरुवात

मुंबईचा पहिला विमानतळ १९२८ साली जुहूला झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. विमान एका इंजिनाचं, छोटंसं. त्याचा आवाज ही कौतुकाची गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी वाहतूक सांताक्रूझला गेली. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमानं आली आणि आवाजाची जातच बदलली. पंख्याच्या घरघरीच्या जागी कानठळ्या बसवणारी किंचाळी आली.

जगभर हेच घडत होतं. ब्रिटनमध्ये १९६३ साली विल्सन समितीने आवाजावर मोठा अहवाल दिला. १९७१ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानांच्या आवाजाची पहिली मानकं स्वीकारली. त्यानंतर इंजिनं सुधारत गेली. मोठा पंखा बऱ्याचशा हवेला इंजिनाच्या गाभ्याबाहेरून, कमी वेगाने मागे ढकलतो, त्यामुळे आवाज कमी होतो. आजचं विमान १९६०च्या विमानापेक्षा कितीतरी शांत आहे.

जिना की घसरगुंडी?

इथून पुढची गोष्ट कंट्रोल टॉवरची आणि रडारच्या खोलीत बसणाऱ्यांची. विमान उतरवताना पूर्वी नियंत्रक त्याला पायऱ्यापायऱ्यांनी खाली आणत : इतक्या उंचीवर ये, थांब, सरळ चाल, मग आणखी खाली. प्रत्येक पायरीवर सरळ उडताना इंजिनाचा जोर वाढवावा लागतो आणि तो आवाज खालच्या वस्तीला ऐकावा लागतो.

यावर उपाय म्हणजे जिन्याऐवजी घसरगुंडी : इंजिनाचा जोर कमी ठेवून सलग उतरणं. लंडनच्या हीथ्रोवर १९७०च्या दशकात ही पद्धत सुरू झाली. पण गर्दीच्या विमानतळावर ती पाळणं सोपं नाही. एकामागोमाग येणाऱ्या विमानांमध्ये सुरक्षित अंतर ठेवायचं, तर प्रत्येकाची वेळ आणि वेग आधीच अचूक कळायला हवा. ते काम नवं रडार, उपग्रहावर चालणारं मार्गदर्शन आणि संगणकाने केलं. २००२ साली अमेरिकेत लुईव्हिल इथे मालवाहू विमानांवर झालेल्या चाचणीत सलग उतरण्यामुळे जमिनीवरचा आवाज सुमारे ४ ते ६.५ डेसिबलने घटला. तीन डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी, हे लक्षात घेतलं तर हा फरक मोठा आहे.

मात्र हा फायदा मुख्यतः धावपट्टीपासून पंधरा-वीस किलोमीटर किंवा त्याहून लांब राहणाऱ्यांना होतो. शेवटच्या टप्प्यात प्रत्येक विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरूनच येतं. त्या हिशेबाने धावपट्टीपासून तीन किलोमीटरवर ते जेमतेम पावणेदोनशे मीटर उंच असतं. असल्फा किंवा कुर्ल्याच्या माणसाच्या डोक्यावरचा हा शेवटचा टप्पा कोणतंही रडार उंच करू शकत नाही.

अचूकपणाची दुसरी बाजू

उपग्रहामुळे विमानं आता आकाशात जणू एकाच रुळावरून जाऊ शकतात. ऐकायला छान आहे, पण रुळाखालच्या घरांचं काय? सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात असे नवे मार्ग लागू झाले. पूर्वी विखुरलेला आवाज काही जुन्या वस्त्यांवर एकवटला. शहर न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल विमान वाहतूक प्रशासनाच्या विरोधात लागला. आवाज नुसता कमी होत नसतो, तो इकडून तिकडे सरकवलाही जातो.

याउलट हीथ्रोवर दोन समांतर धावपट्ट्या आहेत. दिवसा उतरण्याची धावपट्टी दुपारी तीन वाजता बदलतात, म्हणजे प्रत्येक वस्तीला अर्धा दिवस उसंत मिळते. फ्रँकफर्टमध्ये २०११पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणं बंद आहेत. हे दोन्ही उपाय यंत्राचे कमी आणि निर्णयाचे जास्त.

मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरली जाते. तिथे हीथ्रोसारखी पाळी लावता येत नाही. सुमारे ८४ मीटर उंचीचा नवा कंट्रोल टॉवर आला, एकाच धावपट्टीवरून जास्त विमानं हाताळता येऊ लागली. म्हणजे एकेक विमान शांत झालं, पण संख्या वाढली. परदेशी जाणारी बरीचशी विमानं तर मध्यरात्रीनंतरच सुटतात.

केंद्र सरकारने २०१८ साली विमानतळांभोवतीच्या आवाजाची मर्यादा ठरवली : गजबजलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी दिलेली शिफारस रात्री ४० डेसिबलच्या आत राहण्याची आहे. मोजण्याच्या पद्धती थोड्या वेगळ्या असल्या, तरी हे अंतर डोळ्यांत भरणारं आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. तिथे दोन समांतर धावपट्ट्यांची योजना आहे. आकाशातले मार्ग ठरवताना इंधन आणि वेळेबरोबर खाली झोपणाऱ्यांचाही हिशेब मांडायची संधी अजून आहे.

आता तुमच्यासाठी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, गोळी बंद करू नका. गावी बीपी उतरण्यात शांत झोपेचा वाटा असेल, पण सुट्टीचा, चालण्याचा आणि लोकलची धावपळ नसण्याचाही असतो. परत गेल्यावर आकडा पुन्हा चढतो आणि तो चढलेला कळतही नाही.

विमानमार्गाखाली राहत असाल, तर चाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी बीपी तपासा. शक्य असेल तर झोपायची खोली विमानमार्गाच्या उलट बाजूला ठेवा. खिडकीच्या फटी बंद करा, पंख्याचा सततचा आवाज चालू द्या, कानात मऊ बोळे वापरून पाहा. मुलांच्या अभ्यासाची जागाही शांत बाजूला असू द्या. १९९२ साली म्युनिकचा जुना विमानतळ बंद झाल्यावर तिथल्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, आणि नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं घसरलं.

आणि तपासायला याल तेव्हा डॉक्टरांना जसं मीठ, तंबाखू, साखरेबद्दल सांगता, तसं हेही सांगा : "माझ्या घरावरून रात्री विमानं जातात."