गोषा, पदर, हिजाब : सक्ती कुणाची आणि मर्जी कुणाची?

मागच्या व्याख्यानानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या चार-पाच चिठ्ठ्यांत एकच प्रश्न होता. मुस्लिम बायकांनी डोकं झाकणं सक्तीचं असावं, की ज्याची त्याची मर्जी? एका चिठ्ठीत खाली लिहिलं होतं, ‘फिरवून फिरवून सांगू नका, सरळ उत्तर द्या.’ सरळ उत्तर देतो. सक्ती नसावी. झाकायचीही नसावी आणि काढायचीही नसावी. पण एवढ्यावर थांबलो तर ते मत झालं, इतिहास नाही. हे मत आम्ही कशाच्या आधारावर देतो, ते आज बघू.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. कोल्हापुरात डोकं आणि तोंड झाकायची चर्चा हिजाबपासून सुरू झालेली नाही. आपल्याकडे शब्द होता गोषा. मूळ फारसी शब्द, अर्थ कोपरा. बाईनं कोपऱ्यात राहायचं, परक्या पुरुषाच्या नजरेस पडायचं नाही. सरदार-इनामदारांच्या, शहाण्णव कुळी म्हणवणाऱ्या मराठा घराण्यांत हा गोषा कडक होता. बाई बाहेर पडायची तर पडदे लावलेल्या मेण्यातून, पुढे पडदे लावलेल्या मोटारीतून. वाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या जाळ्या आपण आजही दाखवतो, ‘काय नक्षी आहे बघा’ म्हणतो. ती नक्षी कुणासाठी होती? आतून बघणाऱ्या, पण बाहेरून न दिसणाऱ्या बायकांसाठी.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. हा गोषा शेतात भांगलणाऱ्या बाईला नव्हता. तिला परवडणारच नव्हता. गोषा पाळायचा तर पाणी आणायला माणूस लागतो, बाजाराला माणूस लागतो, मेणा उचलायला चार माणसं लागतात. म्हणजे गोषा ही ऐपतीची खूण होती. घर वर चढलं की बाई आत जायची. मुसलमानांतही तेच. बागवान, तांबोळी, शिकलगार, पिंजारी या घरांतल्या बायका मंडईत बसायच्या, दारोदार माल विकायच्या, डोक्यावर पदर असायचा, झालं. आमच्या लहानपणी शेजारच्या खालाजान आणि आमची आजी पाठमोऱ्या उभ्या असल्या की ओळखू यायच्या नाहीत. दोघींचा पदर सारखाच.

मग मराठा घरांतला गोषा गेला कसा? कुणी कायदा केला? तसा कायदा करून तो गेलेला नाही. तो हळूहळू गेला, आणि त्यात शाळेचा वाटा मोठा आहे. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई दुसऱ्या यांनी १९११ साली इंग्रजीत बायकांच्या स्थितीवर पुस्तक काढलं. पुढे १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षा त्याच. गोषातलं घराणं, आणि बाई भर सभेत अध्यक्षस्थानी! त्यांची सावत्र नात १९१८ साली राजाराम महाराजांशी लग्न होऊन कोल्हापुरात आली, ताराबाई राणीसाहेब. त्याच वर्षी कोल्हापुरावर दुःखाचा डोंगर कोसळला. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत गेले. त्यांच्या पत्नी इंदुमती तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या. लग्नाला वर्षच झालेलं.

त्या काळी अशा मुलीचं काय व्हायचं, हे तुम्हाला सांगायला नको. कोपरा ठरलेला. शाहू महाराजांनी तिला सोनतळीला नेलं, शिक्षक नेमले, सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. राजवाड्यातूनच नाराजी होती. तरी शिकवलं. १९२५ साली इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या, तेव्हा महाराज हयात नव्हते. आम्हाला या प्रसंगात महत्त्वाचं हे वाटतं की महाराजांनी पडदा फाडायचं फर्मान काढलं नाही. मुलीच्या हातात पुस्तक दिलं. पुढं काय करायचं ते तिनं केलं.

इथं कुणीतरी म्हणेल, अहो, शाहू महाराज सक्तीच्या विरुद्ध कुठं होते? १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलंच की! बरोबर आहे. सक्तीचं आणि मोफत केलं. पण त्या सक्तीचा दंड कुणाला होता, ते पाहा. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना १ रुपया दंड. दंड पालकाला, आणि शाळेचं दार मुलासाठी उघडं. हे आपण मनात पक्कं ठेवू. आजच्या प्रश्नाशी याचा फार जवळचा संबंध आहे.

आता मुस्लिम समाजाकडे येऊ. आपण आत्ता दसरा चौकात बसलोय. इथंच मुस्लिम बोर्डिंग आहे. १९०६ साली शाहू महाराजांच्या पुढाकारानं मुस्लिम शिक्षणाची संस्था निघाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. कुराणाच्या मराठी भाषांतरासाठी त्यांनी पैसे दिले, हेही आपल्याला माहीत आहे. त्याच सुमाराला मुंबईत मुस्लिम समाजाच्या आतच पडद्यावर वाद चालू होता. बद्रुद्दीन तय्यबजी, काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष, हायकोर्टाचे न्यायमूर्ती. १९०३ साली मुंबईत भरलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेत ते अध्यक्ष या नात्यानं बोलले, की आपल्याकडचा पडदा कुराणाच्या अपेक्षेपलीकडे गेलाय. त्यांच्याच नात्यागोत्यातल्या अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. अतियांची बहीण नाझली, मुरुड-जंजिऱ्याची बेगम. म्हणजे ही काही कुठल्या लांबच्या देशातली गोष्ट नाही, आपल्या कोकण किनाऱ्यावरची आहे.

धर्मग्रंथात नक्की काय आहे, हा प्रश्न येतोच. आम्ही मौलवी नाही, निवाडा देणार नाही. एवढं सांगू शकतो की सुरह नूर आणि सुरह अहजाब इथं वस्त्राविषयी आयती आहेत, तिथले शब्द खिमार आणि जिलबाब असे आहेत. ‘हिजाब’ हा शब्द कुराणात मुख्यतः आडपडदा, मधली भिंत या अर्थानं येतो. झाकायचं किती आणि कसं, यावर विद्वानांत शेकडो वर्षं मतभेद आहेत. बहुतेक पारंपरिक पंथ डोकं झाकणं कर्तव्य मानतात, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण श्रद्धेनं मानलेलं कर्तव्य वेगळं आणि जमातीच्या पंचानं किंवा पोलिसानं बजावलेलं वेगळं.

पंचांची सक्ती कशी असते, तर जळगाव बघा. १९८२ साली तिथं मुस्लिम बायकांनी थिएटरात जाऊन सिनेमा पाहायचा नाही, असा फतवा निघाला. पुरुषांनी पाहिला तर चालतो! रझिया पटेल तेव्हा तरुण कार्यकर्त्या होत्या, त्या याविरुद्ध उभ्या राहिल्या. आणि १९८५ साली, शहाबानो निकालाच्या वर्षी, मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा निघाला तो आपल्या कोल्हापुरातून, नागपूरकडे. वाटेत विरोध झाला. त्याआधी १९६६ च्या १८ एप्रिलला हमीद दलवाईंनी मुंबईत काढलेल्या मोर्चात फक्त सात बायका होत्या. या बायकांच्या मागण्या काय होत्या? तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा. कपडा त्यांच्या यादीत वर नव्हता. आपण बाहेरचे लोक मुस्लिम बाईबद्दल बोलताना पहिल्यांदा कपड्याकडे बघतो, ती स्वतः बोलली तेव्हा तिनं पोटगीबद्दल, घराबद्दल बोलायला सुरुवात केली.

मग दुसऱ्या बाजूची सक्ती? ती पाहायला इराणला जावं लागतं, कारण एकाच देशानं दोन्ही प्रयोग केलेत. १९३६ साली रेझा शहानं चादर काढायची सक्ती केली. पोलीस रस्त्यात चादर ओढून काढायचे. परिणाम असा झाला की कित्येक जुन्या वळणाच्या बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. शिकलेल्या, शहरी बायकांना रस्ता मोकळा झाला, बाकीच्यांचा बंद झाला. १९४१ साली शहा गेला, सक्ती ढिली झाली, आणि चादरी परत रस्त्यावर आल्या. पुढे १९७९ ची क्रांती. त्या वर्षी ८ मार्चला हजारो बायका तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या, हिजाब सक्तीचा होणार या शंकेनं. त्यांत डोकं झाकणाऱ्या बायकाही होत्या. १९८३ मध्ये कायदा झाला, न झाकणारीला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा. आणि २०२२ च्या सप्टेंबरात महसा अमिनी ही २२ वर्षांची मुलगी पोलीस कोठडीत कोसळली आणि वारली. आजीची चादर पोलिसानं ओढली, नातीला पोलिसानं चादरीसाठी पकडलं. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलं नाही.

त्याच २०२२ साली आपल्या शेजारी काय चाललं होतं? निपाणी आपल्यापासून तासाभरावर. ५ फेब्रुवारीला कर्नाटक सरकारचा गणवेशाचा आदेश निघाला, वाद उडुपीतून सुरू झालेला. १५ मार्चला हायकोर्टानं सांगितलं की हिजाब ही धर्माची अत्यावश्यक प्रथा नाही, आदेश योग्य. १३ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता आदेशाच्या बाजूनं, न्या. सुधांशु धुलिया विरुद्ध. धुलियांचा मुख्य मुद्दा मुलीच्या शिक्षणाचा होता. प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे गेलं. मग २०२४ साली मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाचा नियम आला, हिजाब, टोपी, बॅज बंद. मुंबई हायकोर्टानं विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं त्या बंदीला स्थगिती दिली, वर्गात बुरखा मात्र नको म्हटलं.

गणवेशाला काही अर्थ आहे, हे आम्ही मान्य करतो. गरीब-श्रीमंत कळू नये म्हणून तो आला. पण आता तो १ रुपया दंड आठवा. शाहूंच्या सक्तीत मूल शाळेत यायचं. या सक्तीत मुलगी फाटकाबाहेर राहते. घरच्यांनी स्कार्फ लादला असेल असं धरलं, तरी शिक्षा कुणाला होते? लादणाऱ्या बापाला, भावाला नाही. तिला. ज्या एका जागी तिला दुसरं काही ऐकायला मिळालं असतं, तीच जागा तिची जाते.

आणि दुसऱ्यांना बोलण्याआधी आपल्या दारातलंही बघू. २०१६ च्या एप्रिलमध्ये अंबाबाईच्या गाभाऱ्यात जायला तृप्ती देसाई आल्या, तेव्हा साडी की पंजाबी ड्रेस यावरून देवळात धक्काबुक्की झाली. बाईच्या अंगावरच्या कापडावरून हात उगारण्यात कुठला एक समाज मागे आहे, असं काही नाही. आणि सकाळी राजारामपुरीत उभं राहा. अ‍ॅक्टिव्हावरच्या निम्म्या मुली डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं बांधून जातात. ऊन, धूळ, धूर, कधी ओळखीच्यांच्या नजरा. कुणी काही म्हणत नाही. कापड तेच, फक्त बांधणारीचं नाव बदललं की आपला आवाज चढतो.

आता आपल्याच गावात आईनं कधी बुरखा घातला नाही आणि मुलगी घालते, असं दिसतं. का? काही घरं आखाताच्या पैशानं वर चढली, मघाशी म्हटलं तशी ऐपतीची खूण. काही ठिकाणी धर्मप्रचार. काही ठिकाणी १९९२ नंतरची भीती, आपल्या माणसांत ओळखू यावं ही गरज. आणि काही मुलींनी खरंच स्वतः ठरवलंय, त्यांना तुम्ही बिचाऱ्या म्हणालात तर त्या हसतील. ही सगळी कारणं एकाच घरात एकत्र असू शकतात. म्हणून ‘मर्जी’ हा शब्दसुद्धा आम्ही जपून वापरतो. जमात, सासर, गल्ली, सगळ्यांचा भार असलेली मर्जी किती मर्जी राहते?

व्याख्यान संपल्यावर एक बाई पुढं आल्या. म्हणाल्या, “सर, मी आयुष्यभर पदरावर काढलं. माझी मुलगी बारावीला आहे, ती आता हिजाब घालते. घरात कुणी सांगितलेलं नाही. मला भीती वाटते. काढ म्हणू का?”

आम्ही म्हटलं, “ताई, काढ म्हणू नका, घाल म्हणू नका. एकदा निवांत बसून विचारा, उद्या नको वाटला तर काढशील का, आणि काढलास तर कुणाची भीती आहे का. कुणाचंही नाव आलं, तर त्या माणसाशी तुम्ही बोला, मुलीशी नको.”

त्या म्हणाल्या, “आणि कॉलेजनं अडवलं तर?”

“तर आम्हाला फोन करा, आपण मिळून प्राचार्यांना भेटू. तोवर फॉर्मची तारीख चुकू देऊ नका.”